उलटा खिळा

छापखान्यात जुळणी करताना हव्या त्या अक्षराचे शिशाचे खिळे केसमध्ये, म्हणजे खणांच्या पेटीत, संपले, तर जुळारी थांबत नाही. तेवढ्याच जाडीचा दुसरा खिळा उचलतो आणि स्टिकमध्ये उलटा बसवतो, पाय वर आणि अक्षर खाली. प्रूफ काढलं की त्या जागी खिळ्याच्या पायाचे दोन काळे पट्टे उमटतात आणि तपासणाऱ्याला लगेच कळतं, इथे काहीतरी यायचं राहिलंय. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, छापखान्यात मला शिकवलेली ही पहिली गोष्ट. अक्षर नसेल तर ते नाही असं दाखवायचं. त्याच्यासारखं दिसणारं दुसरं लावून वेळ मारून न्यायची नाही.

आमचा छापखाना वाईला होता. पुढच्या खोलीत छपाईचं ट्रेडल यंत्र, मागच्या खोलीत खिडकीखाली उतरत्या घोड्यांवर केस मांडलेल्या. १९६८ साली मी दहा वर्षांची होते आणि खोक्यावर उभी राहून खिळे सोडायला शिकत होते. छापून झालेला मजकूर मोडून एकेक खिळा आपापल्या खणात परत टाकायचा. त्या कामाने खण पाठ होतात. र, त, य, काना हाताशी, मोठ्या खणांत. ङ, ऌ, ढ्य वगैरे मंडळी कडेला, छोट्या खणांत. कुणीतरी फार पूर्वी बसून ठरवलं होतं की मराठीला काय रोज लागतं आणि काय क्वचित. ते कुणी ठरवलं, कुणाला विचारून ठरवलं, हे तेव्हा माझ्या मनात आलं नाही. पुढे डीटीपी केलं, मग फाँट तपासण्याचं काम केलं, आणि दर ठिकाणी हाच प्रश्न समोर आला: या खेपेला कोणती अक्षरं घ्यायची आणि कोणती पुढच्या खेपेवर ढकलायची?

या प्रश्नाचा जन्म आमच्या गावाच्या अगदी जवळ दाखवता येतो. वाईहून मेणवलीला चालत जाता येतं. तिथे कृष्णाकाठी नाना फडणविसांचा वाडा आहे. भगवद्गीता छापायची म्हणून नानांनी पुण्यात तांब्याच्या पत्र्यावर देवनागरी कोरायचं काम सुरू केलं होतं. नानांनंतर ते काम मिरजेला पटवर्धनांकडे गेलं आणि १८०५ मध्ये तिथे गीता छापली गेली. अभ्यासक अ. का. प्रियोळकरांनी ही हकिगत लिहून ठेवली आहे. तांब्याचा पत्रा म्हणजे अख्खं पान. कोरणारा हाताने लिहावं तसं कोरतो, त्यामुळे 'क्लृ' आला तर क्लृ कोरतो, 'ङ्म' आला तर ङ्म. एकही अक्षर गाळायची वेळ येत नाही. त्याच १८०५ साली बंगालमध्ये श्रीरामपूरला मिशनरी विल्यम कॅरीचं मराठी व्याकरण सुट्या देवनागरी खिळ्यांनी छापलं जात होतं. सुटा खिळा आधी ओतून ठेवावा लागतो. म्हणजे मजकूर हातात येण्याआधीच ठरवायचं की कोणतं अक्षर लागेल. निवड सुरू झाली ती इथे. पाच वर्षांनी कॅरीने मराठी कोश छापला तो मोडी खिळ्यांत, कारण रोजच्या लिहिण्यात लोक मोडी वापरत होते. पुढे छापखान्यांनी बालबोध, म्हणजे देवनागरी, धरली आणि मोडी दप्तरांत राहिली. एक अख्खी लिपी पुढच्या खेपेवर ढकलली गेली आणि खिळ्यांच्या काळात ती खेप आलीच नाही.

रोमनला खिळे थोडे लागतात, कारण तिथे अक्षरं शेजारी शेजारी उभी राहतात. आपल्याकडे अक्षराच्या डोक्यावर मात्रा, पायाशी उकार, कुशीत दुसरं अक्षर. छापखान्यांनी यावर दोन तोडगे काढले. 'डिग्री' पद्धतीत ओळीचे तीन मजले केले: वर मात्रा-वेलांट्यांचा, मधला अक्षरांचा, खालचा उकारांचा. खिळे कमी पुरतात, पण जुळाऱ्याला एक ओळ तीनदा बांधावी लागते आणि शिरोरेघ जिथे तिथे तुटते. 'अखंड' पद्धतीत अक्षर पूर्ण उंचीचं. ओळ एकसंध आणि देखणी दिसते, मात्र खिळे शेकड्यांनी वाढतात आणि अंगाबाहेर झुकलेल्या मात्रा पटापट मोडतात. आबांनी दोन्ही केलं होतं. ते म्हणायचे, "डिग्री पोट भरते, अखंड मान राखतं."

मुंबईत हा हिशेब ज्याने सर्वांत चांगला मांडला त्या जावजी दादाजींचं नाव आमच्या घरी देवासारखं घेतलं जाई. लहानपणी ते अमेरिकन मिशनच्या छापखान्यात खिळे घासायला होते. ओतून आलेल्या खिळ्याच्या कडा घासून तो गुळगुळीत करायचा, हे तिथलं सर्वांत खालचं काम. १८६४ मध्ये त्यांनी स्वतःचा खिळे ओतण्याचा कारखाना काढला आणि १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना. ठसे कोरायला राणोजी रावजी आरू होते. निर्णयसागरची संस्कृत पुस्तकं देशभर पंडितांच्या हातात गेली, कारण जोडाक्षर तोडून हलन्त लावण्याची पाळी त्यांच्यावर क्वचितच येई. आबांच्या मते यामागे एकच कारण होतं. ज्याने हजारो खिळे स्वतः घासले, त्याला कोणता खिळा कुठे कमी पडतो हे कुणाला विचारावं लागत नाही.

जोडाक्षरांची ही परीक्षा आमच्या गावातही चाले. वाईच्या प्राज्ञपाठशाळेतून धर्मकोशाचे खंड निघत होते. पुढे तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्यामुळे विश्वकोशाचं कार्यालयही वाईतच झालं आणि १९७६ मध्ये पहिला खंड आला. तसली मोठी कामं आमच्यासारख्या छापखान्याकडे येत नसत. आमच्याकडे यायच्या लग्नपत्रिका, ग्रामपंचायतीच्या पावत्या, गुळाच्या अडत्यांची हस्तपत्रकं आणि कधीतरी एखाद्या शास्त्रीबुवांची पातळ पुस्तिका. शास्त्रीबुवा प्रूफ बघायला स्वतः येत. 'वाङ्मय' हा शब्द 'वाङ्‌मय' असा पाय मोडून लावला की ते काही बोलत नसत, फक्त त्यावर पेन्सिलीने गोल करत. आबांना तो गोल फार लागे. पण लग्नसराईत 'सौ'चे आणि 'श्री'चे खिळे संपत, तेव्हा उलटे खिळे घालून ठेवायचे आणि आधीची पत्रिका सोडून खिळे मोकळे होईपर्यंत वाट बघायची, हा शिरस्ता त्यांनी कधी मोडला नाही.

शिरस्ता मोडला तो मी. १९७१-७२ ची गोष्ट असेल. दुसऱ्या प्रांतातला एक छापखाना बंद होत होता, त्याचे खिळे आबांना वजनावर स्वस्तात मिळाले. घाट सुबक होता, पण त्या खिळ्यांत मराठीचा अर्धा ऱ नव्हता. वाऱ्यातला, तऱ्हेतला, कऱ्हाडमधला ऱ. तिकडच्या भाषेला तो लागत नाही, म्हणून तिकडच्या केसला त्याचा खणच नाही. त्याच आठवड्यात गुऱ्हाळाचं हस्तपत्रक आलं. आबांनी ओळ लावली आणि 'गु'पुढे उलटा खिळा घालून जेवायला गेले. मला वाटलं, मदत करावी. मी उलटा खिळा काढला, ह लावला, वर रफार चढवला. 'गुर्हाळ'. आमच्या मदतनिसाने फर्मा मशीनवर चढवला, पाचशे प्रती निघाल्या, गुऱ्हाळवाल्यांनी पैसे दिले आणि ते पत्रकं घेऊन गेले. कुणी काही म्हणालं नाही.

आबांनी संध्याकाळी पाहिलं. ते मला रागावले, ते मी रफार दिला म्हणून नव्हे. त्यांचे शब्द मला अजून आठवतात: "पोरी, काळे पट्टे छापले गेले असते तर चाललं असतं. ते बघून कुणीतरी ओरडलं असतं. आता हे कुणाला दिसणारच नाही."

त्या रात्री त्यांनी एक मोडका खिळा कानशीने घासून अर्धा ऱ केला. तो एकच होता, म्हणून एका पानात एकच गुऱ्हाळ, एकच वऱ्हाड. लग्नपत्रिकेत 'वऱ्हाडी मंडळी' आणि खाली गावाचं नाव कऱ्हाड असलं, तर दोनदा छापावं लागे. पुढच्या महिन्यात पुण्याहून खास त्या अक्षराचे खिळे मागवले. त्यांच्या किमतीत, स्वस्तात घेतलेल्या खिळ्यांचा फायदा निघून गेला. त्यांनी ते पैसे कुरकुर न करता दिले.

आबांचं ते वाक्य डोक्यात ठेवून मी लिपीच्या सुधारणांचा इतिहास वाचला, तेव्हा मला त्याची वेगळीच वाटणी दिसली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून मोठमोठी माणसं खिळे कमी करायच्या मागे लागली होती. टिळकांनी 'केसरी'साठी त्यात बराच काळ घालवला. सावरकरांनी रत्नागिरीच्या स्थानबद्धतेत 'अ'ची बाराखडी पुढे आणली: अि, अी, अु, अू. काना-मात्रा-वेलांटी केसमध्ये आहेतच, मग इ, ई, उ, ऊ, ए, ऐ यांना वेगळे खण कशाला? हिशेब चोख होता आणि काही नियतकालिकांनी ती बाराखडी वर्षानुवर्षं वापरलीही. यंत्रांचा रेटाही मोठा होता. लायनोटाइप या जुळणीयंत्राला ९० कळा; १९३० च्या दशकात हरी गोविल यांनी न्यूयॉर्कमध्ये देवनागरी त्या कळांत बसवण्याची खटपट केली. टंकलेखन यंत्रावर त्याहून फारशी जास्त चिन्हं मावत नाहीत. १९५५ मध्ये गोदरेजने भारतीय बनावटीचं यंत्र आणलं. त्याच्या देवनागरी पाटीवर आधी काना नसलेलं अर्धं अक्षर उमटवायचं आणि मग त्याला दांडी द्यायची. यंत्रासाठी अक्षराचे तुकडे झाले, पण वाचणाऱ्याच्या डोळ्याला अक्षर पूर्वीसारखंच दिसलं, म्हणून ते टिकलं.

१९५३ मध्ये लखनौला डॉ. राधाकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली लिपिसुधारणेची परिषद भरली. तिथे ठरलं की ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या डावीकडे न देता उजवीकडे द्यायची, आखूड दांडीची. यंत्राच्या बाजूने विचार केला तर निर्णय अगदी बरोबर. उच्चारात इकार नंतर येतो, तर लिहिण्यातही नंतर यावा. पण दोन्ही वेलांट्या उजवीकडे आल्या आणि फरक राहिला तो फक्त दांडीच्या लांबीचा. वाचणारी मुलं अडखळली, छापणारे अडखळले, आणि काही वर्षांतच ती सुधारणा मागे घ्यावी लागली.

याच्या उलट १९६२ चे शुद्धलेखनाचे नियम बघा. मराठी साहित्य महामंडळाने ठरवलं की ज्याचा उच्चार होत नाही तो अनुस्वार लिहायचा नाही. 'घरांत' गेलं, 'घरात' आलं. 'केलें'वरचं टिंब उडालं. आबा जुन्या नियमांत जुळणी शिकले होते, ते सांगायचे की एका पानावरची टिंबं मोजली तर डोळे दुखत. जुने लेखक पुढे दहा-पंधरा वर्षं टिंबांसकट हस्तलिखितं पाठवत राहिले आणि आम्ही ज्याची त्याची मर्जी राखली. पण नियम रुजला. जिभेने जे आधीच सोडलं होतं तेच कागदावरून काढलं गेलं, म्हणून कुणाला काही हरवल्यासारखं वाटलं नाही. लखनौत मात्र यंत्राची अडचण सोडवताना वाचणाऱ्याचा डोळा विसरला गेला. काढायचं काय हे ठरवताना खणांची संख्या मोजणं सोपं असतं. ज्याचा खण काढणार आहोत त्याच्याशिवाय कुणाचं अडेल, ते शोधणं कष्टाचं असतं.

१९९० नंतर आमच्या केस भंगारात गेल्या. आबांनी शिसं विकलं, घोडे ठेवले. मी पुण्याला डीटीपी करू लागले. श्रीलिपी, आकृती ही नावं तेव्हा प्रत्येक छपाईवाल्याच्या तोंडी होती. संगणकात तरी सगळी अक्षरं मावतील असं मला वाटलं होतं. पण तिथेही खणच होते: एका फाँटात एकूण २५६ जागा, त्यांतल्या कित्येक संगणकाने स्वतःच्या कामासाठी अडवलेल्या. उरलेल्या जागांत कोणती जोडाक्षरं घ्यायची हे ज्याने त्याने आपल्या मनाने ठरवलं. म्हणून एका फाँटातला मजकूर दुसऱ्या फाँटात उघडला की नुसता कचरा. रात्री-अपरात्री मी तसल्या फाइली दुरुस्त केल्या आहेत. वऱ्हाड शोधायला तर मला वेगळी यादीच ठेवावी लागे.

मग युनिकोड आलं, सगळ्या संगणकांसाठी अक्षरांची एकच यादी. १९९१ च्या पहिल्या आवृत्तीतली देवनागरी आपल्या भारतीय आयएससीआयआय प्रमाणकाच्या १९८८ च्या आराखड्यावर बेतलेली होती. तिथे आकार वेगळे आणि अक्षरं वेगळी, ही मोठी सोय झाली. जोडाक्षर कसं दिसावं ते फाँटाने बघायचं. तरी यादी होतीच, आणि यादीत मराठीचा 'ॲ' नव्हता. 'बॅट'ला लागणारा अर्धचंद्र होता, पण 'ॲसिड', 'ॲप' यांच्या सुरुवातीला येणारा, अ वर चंद्र दिलेला स्वर नव्हता. त्याच्या जागी 'ऍ' होता, तो हिंदीच्या वळणाचा. मराठी माणसं अनेक वर्षं 'ऍसिड' लिहीत राहिली आणि तेच बरोबर आहे असं एका पिढीला वाटू लागलं. 'ॲ' आला तो आवृत्ती ५.१ मध्ये, २००८ साली. पुढच्या वर्षी महाराष्ट्र शासनाने वर्णमालेबाबत आदेश काढून 'ॲ' आणि 'ऑ' स्वरांत घेतले. तरी फाँटांत आणि कळफलकांत तो पोहोचायला आणखी काही वर्षं गेली. युनिकोडचा एक नियम मला फार आवडतो: एकदा घेतलेलं अक्षर कधीही काढायचं नाही. म्हणूनच घेताना इतका वेळ लागतो, हेही मी समजू शकते.

आणि आबांचा अर्धा ऱ? तो युनिकोडमध्ये दोन वाटांनी लिहिता येतो. एक म्हणजे ऱ घेऊन पाय मोडायचा, दुसरी म्हणजे र घेऊन पाय मोडायचा आणि त्यानंतर डोळ्यांना न दिसणारं एक जोडचिन्ह द्यायचं. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. संगणकाला मात्र ते दोन वेगळे शब्द वाटतात, आणि एकाने लिहिलेलं गुऱ्हाळ दुसऱ्याच्या शोधात सापडत नाही.

दहाएक वर्षांपूर्वी मी एका छोट्या कंपनीसाठी मराठी फाँट आणि कळफलक तपासत होते. नवीन आवृत्तीची बैठक होती. पडद्यावर तक्ता होता. मराठी मजकुराचा मोठा साठा यंत्राने मोजला होता आणि कोणतं जोडाक्षर किती वेळा येतं त्याचे आकडे समोर होते. वरचे हिरवे, या खेपेला घ्यायचे. खालचे तांबडे, पुढे ढकलायचे. तांबड्यांत 'ङ्म' होता, 'क्लृ' होता, आणि फोनच्या कळफलकावर अर्धा ऱ थेट देण्याचं कामही होतं, कारण त्या साठ्यात तो अगदी कमी आढळला होता. मुलं हुशार होती, मनापासून काम करणारी. त्यांच्या आकड्यांत चूक नव्हती.

मी म्हणाले, "आता 'वर्हाड' शोधा. रफाराचा. आणि 'गुर्हाळ', 'कुर्हाड', 'तर्हा'."

त्यांनी शोधलं. एकामागून एक ओळी पडद्यावर वर सरकत राहिल्या. बातम्या, लग्नाचे निरोप, लोकांनी घरच्या माणसांना लिहिलेले मजकूर. कळफलकावर अर्धा ऱ सापडला नाही, म्हणून लाखो हातांनी तेच केलं होतं जे मी वयाच्या तेराव्या-चौदाव्या वर्षी केलं. उलटा खिळा काढला होता आणि रफार चढवला होता. अक्षर कमी वापरलं जातं म्हणून ते मागे ठेवलं होतं, आणि मागे ठेवलं होतं म्हणून ते कमी वापरलं जात होतं. खोलीत थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग संघातल्या सर्वांत लहान मुलीने विचारलं, "काकू, मग असं कसं ओळखायचं? जे लोक मागतच नाहीत ते?"

मी तिला गुऱ्हाळाची गोष्ट सांगितली. ज्या अक्षराच्या जागी पडद्यावर रिकामा चौकोन किंवा ठिपक्यांचं वर्तुळ दिसतं, त्याची तक्रार येते, ते आज ना उद्या घेतलं जातं. त्याची काळजी मला कमी वाटते. काळजी वाटते ती ज्याच्या जागी दुसरं अक्षर गपचूप बसलंय त्याची. ते हरवल्याचं कुणाला कळत नाही, आणि दहा वर्षांनी ते चुकीचं आहे असं सांगणाराच विक्षिप्त ठरतो.

अर्धा ऱ त्या खेपेला घेतला गेला. 'क्लृ' नाही घेतला, आणि मला ते पटलं, कारण शोधून पाहिलं तेव्हा लोक त्याऐवजी काही चुकीचं लिहीत होते असं आढळलं नाही. पाय मोडून 'क्‌लृप्ती' लिहीत होते. तिथे उलटा खिळा अजून जागेवर आहे, कुणीतरी त्यावर पेन्सिलीने गोल करेल.

त्या बैठकीपासून त्यांच्या तक्त्यात एक जास्तीचा रकाना आहे. किती वेळा येतं, त्याच्या शेजारी: 'हे नसेल तर लोक काय लिहितात?' मी आता काम सोडलं आहे, पण ती मुलगी दर आवृत्तीच्या आधी तो तक्ता मला पाठवते. मी आधी तो रकाना वाचते. रिकामा असेल तर तिला फोन करते आणि म्हणते, आकडे राहू देत, आधी हा भरून पाठव.